तंबू नंतर, आधी संडास

आमच्या भाऊजींनी यंदा शेतात तंबू लावायचं ठरवलंय. मनसरहून देवलापारकडे जाताना हायवेच्या आत, जंगलाला लागून आमची थोडी जमीन आहे. धानाच्या बांध्या, बांधावर आंबे आणि मोह, एक विहीर, एक शेततळं. पेंचच्या व्याघ्रप्रकल्पाला जाणारे त्याच रस्त्यानं जातात आणि रिसॉर्टचे दर ऐकून बरेच जण संध्याकाळी नागपूरला परत फिरतात, त्यामुळे भाऊजींचं गणित सरळ आहे. चार तंबू, शनिवार-रविवार, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. शिवाय ज्याच्याकडे स्वतःचा तंबू आहे त्याला नुसती जागा.

मला त्यांचा फोन आला तो दिव्यांच्या माळांसाठी. "वहिनी, ते पिवळ्या बल्बवाले तोरण इतवारीत कुठं स्वस्त भेटते? झाडाझाडाले लावून राहिलो." मी विचारलं, संडास किती बांधले? तर म्हणाले, "घरचा आहे न एक."

मी शाळेत भूगोल शिकवत होते आणि स्काउट-गाइडमधली गाइड कॅप्टनही होते. नोकरीतल्या बऱ्याच रात्री दुसऱ्यांच्या मुलींना तंबूत निजवून स्वतः बाहेर खुर्चीवर बसण्यात गेल्या. त्या खुर्चीवरून एवढं कळलं की कॅम्पची खरी परीक्षा रात्री दोन वाजता होते. संध्याकाळी सगळेच खूश असतात, शेकोटी असते, फोटो असतात. दोन वाजता पोरगी उठते, तिला बाहेर जायचं असतं, चप्पल सापडत नाही, थंडीनं दात वाजत असतात आणि लांब कुठंतरी कोल्हे ओरडत असतात. तेव्हा तिच्या हाताशी काय आहे, हे यजमानानं बघायचं. भाऊजींना फोनवर सांगून माझं समाधान झालं नाही, म्हणून इथं लिहिते. शेत किंवा फार्महाउसची मोकळी जागा तंबूंसाठी देण्याच्या विचारात असलेले आणखीही असतील.

तर संडास. चार तंबू म्हणजे दहा-बारा माणसं. त्यांना निदान दोन हवेत आणि ते घरच्यांच्या वापरातले नकोत. पाहुण्याला रात्री ओसरीत झोपलेल्या आजोबांना ओलांडून जावं लागत असेल तर तो आत येणारच नाही, बांधावर जाईल. तंबूपासून पन्नासेक पावलं बरी. फार जवळ असला तर वास आणि दाराचा धाडधाड आवाज, फार लांब असला तर भीती. दोन खड्ड्यांचा साधा संडास पुरतो, फक्त विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला घ्यावा. एक भारतीय पद्धतीचा, एक कमोड. गुडघे दुखणारी आई सोबत असली की कमोड नसलेल्या ठिकाणी ते कुटुंब दुसऱ्यांदा येत नाही.

आतलं सामान अगदी साधं आहे आणि नेमकं तेच कुठं सापडत नाही. कडी आतून लागली पाहिजे, म्हणजे खरोखर लागली पाहिजे. ओलाव्यानं फुगलेलं दार आणि बोटभर फट असली की बायका एकमेकींना पहाऱ्याला उभं करतात. कपडे अडकवायला खुंटी, टॉर्च अडकवायला दुसरी. बादली, मग, साबण, साबणाला जागा. झाकणाचा डबा आणि शेजारी जुन्या वर्तमानपत्रांचे चौकोन. ते कशासाठी, असं भाऊजींनी विचारलं तेव्हा मी त्यांना फोन जाऊबाईंकडे द्यायला सांगितला. दिव्याचं बटण दाराबाहेर हवं, म्हणजे पाय आत टाकायच्या आधी आत काय बसलंय ते दिसतं. पाऊस संपल्यावर महिनाभर तरी कमोडमागे बेडूक असतोच, आणि बेडकाच्या मागावर कोण येतं ते खेड्यातल्या माणसाला सांगायला नको.

पाण्याचं विचारलं तर म्हणाले, विहिरीला भरपूर आहे. असेल. पण ते वर चढवायला लाइन, म्हणजे वीज लागते. शेतीच्या फीडरवर थ्री फेज आठेक तास मिळते, तीही पाळीनं, कधी दिवसा तर कधी रात्री. पाहुणे शनिवारी दुपारी चारला येणार आणि लाइन रात्री बाराला, मग मधल्या आठ तासांत पाहुण्यांनी काय करायचं? म्हणून उंचावर टाकी हवी आणि ती शुक्रवारीच भरलेली हवी. माणशी पन्नास लिटर धरा. बारा माणसांना हजार लिटरची टाकी असली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निभतं. प्यायचं पाणी वेगळं, झाकलेलं आणि तोटीचं. विहिरीचं पाणी भाऊजी जन्मापासून पितात, त्यांचं पोट तयार झालंय. नागपूरच्या धरमपेठेतल्या सहा वर्षांच्या पोराचं झालेलं नाही. पाणी तपासून घ्या, नाहीतर उकळून ठेवा, तेही जमत नसेल तर जार आणा. आंघोळीला चुलीवरचा बंब ठेवा. गिझर लावूच नका, लाइन गेली की त्याचा उपयोग नाही, आणि बंब लोकांना आवडतोही.

मग जमीन. आमची माती काळी. वाळली की भेगा पडतात आणि तंबूची आखूड खुंटी दोन बोटांनी उपटून येते, भिजली की चपलेला किलोभर चिकटते. तिच्यावर थेट तंबू लावायचा नाही. मुरमाचा वीतभर उंच ओटा करायचा, धुम्मसानं नीट ठोकायचा, एका अंगाला किंचित उतार द्यायचा आणि भोवती चर काढायचा. ओटा तंबूपेक्षा चारही बाजूंनी हातभर मोठा ठेवा, चपला-बॅगा ठेवायला जागा होते. खुंट्या लांब लोखंडी घ्या आणि ताणाच्या दोऱ्यांना पांढऱ्या फडक्याच्या पट्ट्या बांधा. रात्री दोनला त्याच दोऱ्यांत पाय अडकतो. स्वतःचा तंबू आणणाऱ्यालाही असाच ओटा द्यायचा. "कुठंही लावा न, सगळं आपलंच आहे" हे ऐकायला दिलदार वाटतं, पण त्या माणसाला दगड कुठं आहेत आणि पाणी कुठून वाहतं हे माहीत नसतं. तुम्हाला असतं.

तंबूवर चार माणसांचा असं लिहिलेलं असेल तर त्यात चार माणसं झोपतात हे खरं, पण एका कुशीवर, आणि बॅगा बाहेर. दोन मोठे आणि एक मूल धरूनच भाडं घ्या. तंबूला तळ शिवलेला हवा, चेन शेवटपर्यंत लागणारी हवी आणि वरून दुसरं कापड हवं. एका कापडाच्या तंबूत पहाटे श्वासाचंच पाणी होऊन आतून ठिबकतं आणि पाहुणा म्हणतो, तंबू गळतो.

झाडाखाली लावायचा मोह सगळ्यांना होतो. आंब्याखाली लावा, पण आधी वर चढून वाळलेल्या फांद्या काढून घ्या. बाभळीखाली नको, काटा तळ फोडतो. मोहाखाली थंडीत ठीक आहे, पण मार्चपासून फुलं गळायला लागली की तो पट्टा रिकामा करायचा. मोहाच्या फुलांवर अस्वल येतं, हे देवलापारकडच्या माणसाला मी काय सांगणार, पण त्यांचं हौसेचं वेळापत्रक होळीपर्यंत गेलेलं बघितलं म्हणून सांगितलं.

थंडीबद्दल नागपूरकर स्वतःच गाफील असतात. उन्हाळा एवढा बदनाम आहे की बाहेरगावचा माणूस इथं थंडी पडते हेच विसरतो. हिवाळी अधिवेशनाला आलेली मुंबईची मंडळी पातळ जाकीट घालून सीताबर्डीवर कुडकुडताना आपण दरवर्षी बघतो. डिसेंबर २०१८ मध्ये नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. हे झालं शहरातलं, उघड्या शेतात तर अंगाला त्याहून जास्त झोंबतं. थंडी भुईतून येते, म्हणून पांघरुणाआधी अंथरूण बघा. आमच्याकडे तणस, म्हणजे धानाचा पेंढा अंथरायची पद्धत आहे, ऊबही छान लागते. पण तणसात उंदीर येतात, विंचू लपतो आणि एक ठिणगी पुरते. फोमची जाड गादी, खाली ताडपत्री, माणशी दोन ब्लँकेट आणि दर तंबूला एक जास्तीचं, न मागता ठेवलेलं. उशीचे अभ्रे आणि चादरी प्रत्येक पाहुण्यासाठी धुतलेल्या. रग उन्हात टाकायला माणूस नेमा, कारण दवानं ओलसर झालेला रग दुसऱ्या रात्री कुबट मारतो.

आणि शेगडी तंबूत न्यायची नाही. यात यजमानानं भिडेखातर गप्प बसू नये. कोळशाचे निखारे विझत आले तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला ना रंग, ना वास. चेन लावलेल्या तंबूत झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. डासांची अगरबत्तीही आत नको, नायलॉनला आग लागायला वेळ लागत नाही. शेकोटी एकच, सगळ्यांची मिळून, दगडांच्या रिंगणात, तंबूंपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला. शेजारी पाण्याच्या दोन बादल्या आणि रेतीची एक. झोपायला जाताना ती विझवण्याचं काम पाहुण्यावर सोडायचं नाही. १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत जंगलात वणव्याचा हंगाम धरतात, सागाचा पाला तेव्हा नुसता पेटायची वाट बघत असतो. जंगलाला लागून असलेल्या शेतात त्या तारखेनंतर शेकोटी बंद, मग पाहुणा कितीही मोठा साहेब असो.

सापाचं मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण या विषयावर यजमान एकतर हसण्यावारी नेतात किंवा लपवतात. नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार हे चार मुख्य विषारी. तंबूच्या बाबतीत त्यातल्या मण्यारची काळजी जास्त करायची. ती रात्री फिरते, भुईवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश इतका हलका असतो की पुष्कळदा माणूस उठतसुद्धा नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं. म्हणून तंबूची चेन दिवसाही लावलेली ठेवायची, आत खाण्याचा कणही न्यायचा नाही म्हणजे उंदीर येत नाही, आणि ओट्याभोवतीचं गवत कापलेलं ठेवायचं. खाट देता आली तर फारच उत्तम. सकाळी बूट झटकूनच घालायचे, हे मुलांना खेळासारखं शिकवलं की ती आई-बापांनाही दटावतात.

दंश झालाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. माणसाला हलू न देता सरकारी दवाखाना. यजमानानं रामटेकच्या सरकारी रुग्णालयात आधीच जाऊन सर्पदंशावरचं इंजेक्शन (अँटिव्हेनम) ठेवतात का, रात्री डॉक्टर असतात का, हे विचारून यावं. तिथून पुढे नागपूरचं मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय. १०८ची गाडी शेतापर्यंत कुठल्या वाटेनं येते ते ड्रायव्हरला फोनवर सांगता आलं पाहिजे, म्हणून हायवेवरच्या फाट्याला पाटी हवी. हे सगळे नंबर आणि शेताचं लोकेशन एका कागदावर छापून प्रत्येक तंबूत टांगा. वनविभागाचा १९२६ हा नंबरही त्यातच. आणि फोनला रेंज कुठं येते तेही लिहा. आमच्याकडे ती फक्त विहिरीच्या काठाजवळ येते, तिथं पाहुण्याला अंधारात पाठवू नये.

आता शेजारचं शेत. याबद्दल कुणीच बोलत नाही. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) पिकं खातात म्हणून काही शेतकरी रात्री कुंपणाच्या तारेत सरळ लाइन सोडतात. ते बेकायदा आहे, त्यात जनावरं मरतात, वाघ मरतात, माणसंही मरतात. सौर झटका मशीन निराळं, त्याचा झटका क्षणभराचा असतो आणि तो सहसा जीव घेत नाही. तंबू लावायच्या आधी चारही बांधांवरच्या शेजाऱ्यांकडे चहाला जाऊन या आणि कुणाच्या तारेत काय आहे ते तोंडावर विचारा. सरळ लाइन असेल तर ती निघेपर्यंत पाहुणे घेऊ नका. पाहुण्याला हद्द दाखवा, दिवसाउजेडी, सोबत चालून. चुना टाका, दगड रंगवा, काहीही करा. आणि फवारणी! आपल्या किंवा शेजारच्या शेतात फवारणी ठरली असेल तर त्या शनिवारचं बुकिंग घ्यायचं नाही. यवतमाळला २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते आपण विसरलेलो नाही.

शेततळ्याला कुंपण घाला. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात घसरलेला माणूस पोहता येत असूनही वर येऊ शकत नाही, कागदावर शेवाळ असतं आणि पाय धरत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवा, एक हवा भरलेली ट्यूब काठावर ठेवा, फाटकाला कुलूप लावा. विहिरीला कठडा नसेल तर आधी तो बांधा. पोरं येणार असतील तर मी या दोन गोष्टींशिवाय तंबूचा विचारही करणार नाही.

मग वळूया त्या दिव्यांच्या माळांकडे. पेंचच्या महाराष्ट्राकडच्या भागाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतातला पहिला. सिल्लारी-वाघोलीकडच्या गावांतले दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले बसवले. म्हणजे सरकारनं पैसे घालून आभाळ काळं राखलं आणि आपण त्याच्या उंबरठ्यावर झाडाझाडाला रोषणाई करायची? लोक नागपुरातून निघतात ते कृत्तिका नि मृग नक्षत्र बघायला. वाटेवर घोट्याएवढ्या उंचीचे पिवळे मंद दिवे, खाली तोंड करून, संडासापर्यंत. प्रत्येक तंबूत चार्ज केलेला टॉर्च. बस. डीजे नको, ब्लूटूथ स्पीकरही दहानंतर नको. रात्री दहा ते सकाळी सहा भोंग्यांना कायद्यानंच मनाई आहे, त्याचा आधार घ्या, म्हणजे तुम्हाला वाईटपणा येत नाही.

आणि एक माणूस जागा हवा. जागा म्हणजे तंबूंच्या हाकेच्या अंतरावर, ज्याचं नाव पाहुण्यांना माहीत आहे असा. घरात रजई घेऊन झोपलेला, "फोन करा न, लगेच येतो" म्हणणारा नाही. एकट्या मुलींचा ग्रुप असेल तर त्या रात्री घरातली बाई शेतावर मुक्कामाला असावी आणि हे त्यांना बुकिंगच्या वेळीच सांगावं. जाऊबाई तयार आहेत. त्यांना त्या रात्रीचे वेगळे पैसे द्यायचे, हे मी भाऊजींकडून कबूल करून घेतलंय.

जेवणाबद्दल आमच्या घराला कुणी शिकवायची गरज नाही. रोडगे, वरण, वांग्याची भाजी, वरून तूप. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे भाजताना पाहुणे आपणहून भोवती बसतात, वेगळा कार्यक्रम ठेवावा लागत नाही. सावजी रस्सा मात्र विचारून. पुण्याच्या एका ओळखीच्या बाईंनी पहिल्या घासाला जे तोंड केलं होतं ते अजून आठवतं. ज्यांना स्वतः रांधायचं आहे त्यांना चूल, सरपण, एक टेबल आणि भांडी घासायची जागा द्या.

एका गोष्टीवर आमचं जमलं नाही. भाऊजींना झुला आणि सेल्फीसाठी बैलगाडीचा देखावा हवाय. मी म्हटलं, तुमचे पैसे आहेत, पण पक्क्या खोलीनंतर. तंबू आभाळातल्या विजेपासून वाचवत नाही. नागपूरकडे फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आणि गारा काही नवीन नाहीत, आणि तेव्हा सगळ्या पाहुण्यांना एकत्र बसता येईल अशी छताची, भिंतींची खोली लागते. गोठ्याशेजारचं कोठार रिकामं केलं तर काम होतं. धानाची पोती हलवायला ते का-कू करून राहिले.

कागदपत्रांचं थोडक्यात. पेंचच्या इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये, म्हणजे जंगलाभोवतीच्या बंधनं असलेल्या पट्ट्यात, आपला सर्व्हे नंबर येतो का ते वनविभागाकडून लेखी घेतल्याशिवाय खांबही रोवू नये. राज्याचं २०२०चं कृषी पर्यटन धोरण आहे, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते, ती करून टाकावी. पाहुण्यांच्या ओळखपत्रांची वही ठेवावी आणि पोलीस ठाण्यात आपण होऊन कळवावं.

बुकिंग झालं की पाहुण्याला पाठवायचा मेसेज मी लिहून दिलाय: बूट, मोजे, कानटोपी, स्वतःची औषधं, ओडोमॉस, काय मिळेल, काय मिळणार नाही, गाडी कुठपर्यंत येते, संडास किती आहेत आणि किती पावलांवर. शेवटची ओळ पाऊस-गारांची आहे. तंबूत झोपता आलं नाही तर कोठारात सोय आणि निम्मे पैसे परत. भाऊजींना निम्मे पैसे अजून पटलेले नाहीत. रविवारी जेवायला येणार आहेत, तेव्हा बघू.